कुंडाचं न्हाण

“द्वारकाबाई, तुमच्या लेकीचं न्हाण उद्याच उरकून टाकलं तर?”

पेडणेकर मॅनेजर आमच्या ओटीवर बसून आईला विचारत होते आणि मी आत बाजेवर पडून ऐकत होते. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी, कुशीत माझा तान्हा. धन्वंतरी पॅलेसचे मॅनेजर शेणाने सारवलेल्या ओटीवर येऊन टेकले म्हणजे काहीतरी अघटितच होतं. एरवी गावातला माणूस समोर आला की ते घड्याळ बघायचे.

“उद्या?” आई म्हणाली. “मागं मी विचारायला आले तर तुम्हीच म्हणालात ना, कोळसा नाय, माणसं नायत, पुढं बघू?”

“आता कोळसा आणलाय.”

“कुणासाठी आणलात?”

मॅनेजर जरा घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “गिऱ्हाईक येतंय. खोलीचं नव्हे हो, अख्ख्या हॉटेलाचं. मुंबईचे पोतनीस म्हणून आहेत. म्हणाले, इमारत बघायची नाही, फर्निचर बघायचं नाही, मला फक्त पाणी बघायचंय. आता बाई, गावच्या बायका ओव्या गातायत, कुंडातनं वाफा निघतायत आणि बाळंतीण न्हातेय, ह्यापरतं पाणी दाखवायचं ते कसं?”

“म्हणजे माझी लेक तुमची जाहिरात,” आई म्हणाली.

“तुमचा जावई आमचा बॉयलर,” मॅनेजर म्हणाले. “आता कोण कुणाचं काय, ते तुम्हीच ठरवा.”

तिने त्यांना ताक दिलं. आईने ताक दिलं म्हणजे होकार दिला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं कढवणे गाव खाडीच्या काठाला, डोंगराच्या पोटाशी. डोंगरातून देवीचा झरा यायचा तो उकळता. त्याला गंधकाचा वास, आणि त्यात अंडं सोडलं तर शिजून वर यावं असं पाणी. त्या झऱ्याखाली दगडी कुंड, आणि कुंडाची चाकरी आमच्या गुरवांच्या घरात. गावची लेक पहिलटकरीण माहेरी आली, बाळंत झाली, की सासरी धाडण्याआधी तिला त्या कुंडात बसवून गावच्या बायकांनी न्हाऊ घालायचं. त्यावाचून तिने होडीत पाय ठेवायचा नाही. लेक गावाबाहेर जाते ती गावची ऊब अंगात घेऊन जाते, असं म्हाताऱ्या म्हणायच्या.

मग मुंबईचे अण्णासाहेब विजयकर आले. दोन्ही गुडघे गेलेले, डोलीतून आले. महिनाभर कुंडात बसले आणि परत जाताना खाडीपर्यंत चालत गेले. चालत गेलेला माणूस परत आला तो गवंडी, सुतार नि नकाशे घेऊन. गावाने जागा दिली, पण एका अटीवर. भिंती घाला, दारं घाला, झुंबरं टांगा, पण गावच्या बाळंतिणीला कुंड मोकळं राहिलं पाहिजे. अण्णासाहेबांनी देवीसमोर बेलभंडारा उचलला.

धन्वंतरी पॅलेस असं काही उभं राहिलं, की आमच्या गावाला तोवर आपण गरीब आहोत हे माहीतच नव्हतं ते तेव्हा कळलं. कमानी, रंगीत काचा, बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. संस्थानिक यायचे, नाटकातल्या नट्या यायच्या, पोट सुटलेले न्यायाधीश यायचे. दिवसा सगळे पांढरे पंचे गुंडाळून कुंडात बसायचे आणि संध्याकाळी कोट घालून एकमेकांना नव्याने भेटल्यासारखं करायचे. आमच्या गावच्या बाया त्यांची अंगं चोळायच्या, पोरं त्यांच्या छत्र्या धरायची. कुणाची पाठ बरी झाली, कुणाची खरूज गेली, कुणाला मूल झालं. मूल झालं त्याचं श्रेय मात्र पाण्याला द्यायचं की हवेला, ह्यावर बरीच चर्चा व्हायची.

अण्णासाहेब गेले, त्यांचे चिरंजीव भाईसाहेब आले. त्यांना वाटलं, एवढ्या गरम झऱ्यातून एवढंसंच पाणी का यावं? पोहायचा तलाव करावा, तोही असा की मुंबईने बघत राहावं. त्यांनी झऱ्याच्या तोंडाशी सुरुंग लावले. डोंगर हादरला, पाणी दुप्पट झालं, पेढे वाटले. पेढ्याची चव जिभेवर होती तोवर पाणी कोमट झालं, आणि पौर्णिमा यायच्या आत गार. गंधकाचा वाससुद्धा गेला. गोड, गार, विहिरीला लाजवेल असं पाणी गोमुखातून बदाबदा वाहायला लागलं, आणि भाईसाहेब त्याच्याकडे असे बघत बसले की जसं घरात कुणी गेलंय.

त्यानंतर आला बॉयलर. झऱ्याचं पाणी मागल्या बाजूने लोखंडी नळीतून बॉयलरात न्यायचं, तापवायचं आणि गोमुखातून कुंडात सोडायचं. वर मॅनेजर गंधकाचे खडे टाकायचे. पाहुण्यांना काही कळलं नाही. उलट एक निवृत्त कर्नल म्हणाले, पाण्याला पूर्वीपेक्षा जोर आलाय.

गावाला अर्थात सगळं ठाऊक होतं, पण बोललं कुणीच नाही. हॉटेलवाल्यांनी धंद्यासाठी झाकलं आणि गावाने देवीसाठी. देवीचा झरा थंड झाला, हे कुणाच्या तोंडून बाहेर पडायचं? माझी आई गुरवीण, वडिलांच्या मागे देवीची दिवाबत्ती तीच करायची. तिच्यादेखत तर हा विषय कुणी काढतच नसे.

तो बॉयलर चालवायला पुढे शेवटी शेवटी खाडीपलीकडचा एक तरणा मिस्त्री ठेवला. दत्ताराम. आता वयाने नाव घ्यायची लाज राहिलेली नाही, म्हणून घेते. आईने त्याला एकदा वाफेने भाजलेल्या हाताला कोरफड लावून दिली आणि पुढल्या मार्गशीर्षात मलाही देऊन टाकलं. गावातच राहणारा जावई मिळाला म्हणून ती केवढी तरी खूश होती. पाचांतलं मी एकच तिच्या हाताला लागलेलं पोर.

पण बॉयलर वाफ द्यायची तेवढी द्यायचा, पाहुणेच कधीपासून आटत आले होते. आधी संस्थानं गेली, मग घाटावरून पक्के रस्ते झाले आणि लोक दुसरीकडे जाऊ लागले. रंगीत काचा फुटल्या तिथे पुठ्ठे लागले. आणीबाणी उठली त्या वर्षीची ही गोष्ट. हॉटेलात तेव्हा भाईसाहेब, मॅनेजर, दत्ताराम आणि वटवाघळं एवढीच वस्ती उरली होती.

मॅनेजर ताक पिऊन गेले तशी आई आत आली. पाठोपाठ दत्तारामही आले, दारातच उभे राहिले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने यायचं नसतं.

“आई, उद्याचं जमलं तर बरं,” ते म्हणाले. “पोतनीसांनी घेतलं तर ते चालवतील, बॉयलरही राहील. नाहीतर मला मुंबई. चाळीत आठ जणांत एक खाट, हिला कुठं नेऊ? हिला आंबेरीला ठेवावं लागेल, आमच्या म्हातारीकडं.”

आंबेरी म्हणजे त्यांचं घर. खाडीपलीकडे, डोंगरात, एकुलतं एक. सासू माझी वाईट नव्हती. पण पावसाळा लागला की खाडीवरची तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, बंद, आणि मग चार महिने तिथून कढवण्याच्या देवळाची घंटासुद्धा ऐकू यायची नाही.

आई माझ्या बाळाचे लंगोट घडी करत होती. घडी केलेलं उलगडायची, परत घडी करायची.

“जमेल,” ती म्हणाली. “न जमायला काय झालं?”

सकाळी दत्ताराम आले ते डोक्यापासून पायापर्यंत काळे.

“नळी फुटली,” ते म्हणाले. “बॉयलर मेला. वाफच धरत नाय.”

“किती वेळात दुरुस्त होईल?”

“चिपळूणहून नळी आणायला हवी. गिऱ्हाईक तर अकराच्या तरीनं येतंय.”

मी आणि आई बाळाला घेऊन हॉटेलात गेलो, तर बायकांच्या कुंडाच्या पायरीवर मॅनेजर बसले होते, डोकं दोन्ही हातांत. समोर गोमुखातून देवीचं पाणी येत होतं. स्वच्छ, निळसर, थंडगार. त्यात बोट घातलं तर शहारा यावा.

“संपलं, द्वारकाबाई,” मॅनेजर म्हणाले. “पोतनीसांना काय दाखवू? गोमुख?”

आईने पाण्याकडे बघितलं. मग वर देवळाच्या कळसाकडे बघितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, की तिने देवीकडे जरा रागाने बघितलं.

“गावात चुली हायत की,” ती म्हणाली.

“काय?”

“चुली हो, चुली. ज्यावर आम्ही भात शिजवतो. गोमुखाला बोळा मारा. कुंड रितं करा. दत्ताराम, तुम्ही उभे काय? गुरववाडीत जा, भंडारवाडीत जा, कुंभारणीला सांगा, लग्नाचे हंडे काढा. सांगा, यमूचं न्हाण हाय नि पाणी कमी पडतंय.”

“पाणी कमी पडतंय?” दत्ताराम म्हणाले.

“मग काय सांगणार हायस मेल्या?” आई एरवी जावयाला अहोजाहो करायची. “देवी थंड पडली म्हणून सांगतोस?”

अशी सकाळ कढवण्याने पुन्हा पाहिली नाही. घराघरांतून धूर निघाला. हंडे, घागरी, तपेली, कुणाच्या लग्नातलं घंगाळ, देवळातल्या महाप्रसादाचं पातेलं. बायका डोक्यावर उकळतं पाणी घेऊन, पदर तोंडात धरून, मागल्या बागेतून रांगेने येत होत्या आणि कुंडात ओतून परत पळत होत्या. “सर गो सर, भाजशील!” “अगो, तुझी घागर काय न्हाणाची की कालवणाची, मसाल्याचा वास येतोय!” “येऊ दे, गिऱ्हाइकाला सांगू, झऱ्याला आज फोडणी दिलीय!” पुढच्या दरवाजात भाईसाहेब नव्या धोतरात उभे होते. मागे काय चाललंय ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही. मालकीची तेवढी सवय त्यांना होती.

मॅनेजर कोट काढून, बाह्या सारून, गंधकाचे खडे हातोडीने फोडत होते. “जास्त नको,” आई म्हणाली. “देवीचं पाणी हाय, फटाक्याचा कारखाना नव्हे.”

तरीवरून पाहुण्यांना घेऊन येणाऱ्या जीपचा आवाज आला तेव्हा मी कुंडात होते. कमरेपर्यंत पाणी, आणि काय सांगू, खरोखर सुखाचं पाणी. बाळंतपणाने मोडलेलं अंग एकेका सांध्यातून सुटत होतं. भोवती बायका, डोळे धुराने लाल झालेले. आईने माझ्या केसांना शिकेकाई लावली आणि म्हातारी भागूकाकी गायला लागली.

कुंडाच्या गं पायरीला, कुणी हळद सांडली
लेक न्हाऊन निघाली, जशी समई मांडली

बाळंतीण न्हाते तिथे पुरुषांना येता येत नाही. त्यामुळे पोतनीस बाहेर राहिले आणि त्यांच्या बाई आत आल्या. चाळिशीच्या, गोऱ्या, चष्मा, पातळ वर खोचलेलं. वाफ बघून त्यांनी चष्मा काढला.

“बाई गं!” त्या म्हणाल्या. “हे सगळं आतून येतं?”

“आतूनच,” आई म्हणाली. गावाच्या आतून, हे मनात म्हणाली असेल.

बाईंनी वाकून हात घातला आणि चटकन काढला. मग माझ्याकडे बघून हसल्या. “पोरी, तुला पोळत नाही? खरं सांग हं मला. पाणी नेहमी असंच असतं?”

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला समोर दिसत होती आंबेरीची ती एकटी चूल.

“आजीच्या आजीपासून,” मी म्हटलं. “ह्या पाण्यात अंडं सोडलं तर शिजतं.”

“आणि वास हा असाच?”

“वास तर आज कमीच हाय,” भागूकाकी म्हणाली.

भागूकाकीला कुठे थांबायचं ते कधीच कळलं नाही. तिने तान घेतली आणि तिथल्या तिथे नवी ओवी जुळवली. आईने तिला डोळ्याने दटावलं, पण उशीर झाला होता.

देवी माझी गं दमली, तिची चूल विझली
लेकीच्या गं न्हाणापायी, आळीआळीत पेटली

बायकांचे हात जागच्या जागी थांबले. मॅनेजर पडद्यामागे होते, तिथून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

“किती सुंदर!” पोतनीसबाई म्हणाल्या. “किती जुनी असेल नाही ही ओवी?”

“फार जुनी,” आई म्हणाली.

न्हाण आटोपलं. मला कोरडं नेसवलं, बाळाला काजळाची तीट लावली, ओटी भरली. बाहेर पडवीत वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पोतनीस तिथे बसले होते, जाडे, प्रेमळ चेहऱ्याचे, टक्कल पुसत. भाईसाहेब त्यांना अण्णासाहेबांच्या गुडघ्यांची गोष्ट सांगत होते. आम्ही बायका खांबाआड दाटीने उभ्या राहिलो. दत्ताराम हात धुऊन जिन्यापाशी उभे होते.

“अहो, चटका बसला मला,” पोतनीसबाई बोट पुढे करून म्हणाल्या. “उकळतंय अगदी! आणि गंधकाचा वास तर इतका, की माझी सर्दीच मोकळी झाली.”

मॅनेजरांनी छाती पुढे काढली.

पोतनीसांनी टक्कल पुसायचं थांबवलं. “उकळतंय?”

“तुम्ही बघायला हवं होतंत.”

“अरेरे,” पोतनीस म्हणाले.

त्या ‘अरेरे’चा अर्थ आमच्या कुणाच्याच ध्यानात आला नाही. भाईसाहेब हसत होते ते तसेच हसत राहिले.

“मी बाजारात ऐकलं होतं,” पोतनीस म्हणाले, “की तुमचा झरा थंड झालाय. गंधक गेला, पाणी गोड झालंय. म्हणून तर धावत आलो. काय आहे भाईसाहेब, ही विलायती सरबतं बंद होतायत. आता आपल्या लोकांनी आपलं काढायचं. मी बाटलीतल्या सरबताचा कारखाना काढतोय. मला डोंगरातलं गार, गोड, भरपूर पाणी हवंय. इमारत तयार, खाडी जवळ, मिस्त्री माणूस तुमच्याकडे आहेच. पन्नास माणसं गावातलीच घेतली असती. पण हे गंधकाचं गरम पाणी मी बाटलीत भरू कसं? प्यायचं कुणी?”



भाईसाहेबांनी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने दत्तारामकडे. दत्तारामांनी माझ्याकडे.

“तसं...” भाईसाहेब म्हणाले, “तसं ते गारही असतं.”

“कधी?”

“अधूनमधून,” मॅनेजर म्हणाले. “थंडीत. म्हणजे पहाटे. म्हणजे तुम्ही म्हणाल तेव्हा.”

पोतनीस समजुतीने हसले आणि उठायला लागले. तेवढ्यात माझी आई खांबाआडून पुढे झाली. तिच्या कपाळाला काजळी होती, लुगड्याला राख.

“साहेब, बसा,” ती म्हणाली. “झरा थंड हाय.”

मागे कुणीतरी ‘अगो बाय!’ म्हणून तोंडावर हात घेतला. इतकी वर्षं जे गावात कुणी कुजबुजलंसुद्धा नव्हतं, ते गुरवीण दिवसाउजेडी परक्या माणसाला सांगत होती.

“मी देवीची गुरवीण. माझ्या तोंडानं सांगतेय. पाणी थंड झालंय, कैक वर्षं झाली. गोड हाय, कापसासारखं हलकं हाय. आज हे घरोघर चुलीवर तापवलं. ह्या सगळ्या बायकांनी आणून ओतलं. वास हा मॅनेजरनं घातला. आमची चूक झाली. पण पाणी तुम्हाला हवं तसंच हाय.”

पोतनीसांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. कणव होती, आणि ती रागापेक्षा वाईट.

“काकू,” ते म्हणाले, “मालकांचं अन्न खाल्लंत, म्हणून बोलताय. कळतं मला. पण आता मी गार पाणी मागितलं म्हणून ते लगेच गार झालं होय?”

“चला, दाखवते,” आई म्हणाली.

आता कुंडात बाळंतीण नव्हती, पुरुषांना मोकळं होतं. सगळे आत गेले. आईने गोमुखातला बोळा उपसून काढला. पाण्याची धार सुटली, पोतनीसांच्या बुटांवर पडली.

त्यांनी ओंजळ धरली, चाखलं. चेहरा उजळला. “वा! हेच. अगदी हेच पाणी!” मग त्यांची नजर भिंतीवरून मागे गेली. “ही नळी कसली?”

“बॉयलरची,” दत्ताराम म्हणाले.

“म्हणजे हे पाणी बॉयलरमधून येतंय?”

“होय साहेब.”

“आणि गार येतंय?”



पोतनीस मोठ्याने हसले. “अहो, मी पस्तीस वर्षं धंद्यात आहे! झऱ्याचं तोंड बोळ्यानं बंद केलंत, मागून विहिरीचं पाणी जोडलंत. इकडे उकळतं कुंड, तिकडे गार नळी. पाहुणा म्हणेल ते हजर. भाईसाहेब, हॉटेल चालवावं तर तुम्हीच!”

“साहेब, संध्याकाळपर्यंत थांबा,” आई म्हणाली. “कुंडातलं निवेल. मग हात घाला.”

“कुठलंही पाणी संध्याकाळपर्यंत निवतं, काकू.”

“अहो,” पोतनीसबाई म्हणाल्या, “मी स्वतः त्या बायकांमध्ये होते. गाताना डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ती म्हातारी, ती न्हाणारी पोर... असं सोंग खेड्यातल्या साध्या बायकांना जमेल का? ते आधीचंच खरं होतं. हे आता ह्यांच्याकडून वदवून घेतायत.” आणि त्यांनी भाईसाहेबांकडे अशा नजरेने बघितलं, की भाईसाहेबांनी धोतराचा सोगाच सावरला.

पोतनीस आईसमोर आले आणि त्यांनी हात जोडले. “एक सांगतो, राग मानू नका. मालकासाठी माणसानं काय वाटेल ते करावं. पण देवीच्या पाण्याबद्दल खोटं बोलू नये.”

आईने मान खाली घातली.

जीप गेली. भाईसाहेब पडवीतून उठले नाहीत, मग मॅनेजरांनीच दारं लावून घेतली, एकेक करून, नाटक संपल्यावर लावतात तशी. पुढल्या पावसात हॉटेलचं छप्पर एका अंगाने बसलं. पोतनीसांचा कारखाना पुढे खाडीच्या तोंडाशी कुठेतरी झाला, तिथल्या विहिरीला म्हणे मचूळ पाणी लागलं आणि साखर जास्त घालावी लागली. लोकांना ते सरबत फार आवडलं. दत्ताराम मुंबईला गेले. मी आंबेरीला गेले, आणि पहिल्या पावसाळ्यात माझा मुलगा बसायला लागला, रांगायला लागला, तो माझ्या आईने पाहिला नाही. हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मात्र जीप गेल्यावर बायका रिकामे हंडे उचलून, एकमेकींकडे न बघता घरी गेल्या. भागूकाकीसुद्धा गप्प होती. दत्ताराम बाळाला खांद्यावर घेऊन बागेत फिरवत होते. आईने गोमुखाला परत बोळा मारला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग ती पायरीवर बसून राहिली. कुंडातलं पाणी अजून वाफाळत होतं, पण वाफ विरळ झाली होती.

“उद्या जाशील?” तिने विचारलं.

“परवा,” मी म्हटलं. “ते म्हणतात, भरती परवाची बरी.”

“न्हाण तर झालंच हाय.”

“झालं.”

तिच्या हाताला घागरीची कड लागून फोड आला होता. गावातल्या किती लेकींना तिने ह्या कुंडात न्हाऊ घातलं असेल. चोळलं, माखलं, रडू आलं तर त्याच पाण्याने तोंड धुतलं. एकदाही ती स्वतः त्यात उतरलेली मी पाहिली नव्हती.

“आई, उतर,” मी म्हटलं.

“मी? येडी काय तू? मी ह्या गावची सून. हे लेकींचं.”

“देवीचं पाणी लेकींचं. हे तर गावच्या चुलींचं हाय. त्यातलं निम्मं तूच तापवलंस.”

ती नको नको म्हणाली. मग तिने इकडेतिकडे बघितलं, लुगडं वर खोचलं आणि एक पायरी उतरली. मग दुसरी. मग लुगड्यासकट, राखेसकट, पाण्यात बसली. मी तिचा अंबाडा सोडला. केस किती पांढरे झाले होते ते मला तेव्हा कळलं. तांब्याने डोक्यावर पाणी घातलं. ओवी न म्हणता नुसतंच पाणी घालत राहिले.

तिने डोळे मिटले. खांदे हळूहळू खाली आले. एखादं पोर निजायच्या आधी बोलतं तशा आवाजात ती म्हणाली,

“कोण मेला म्हणतो गो, देवीचं पाणी थंड झालंय म्हणून?”